मुली शिकल्या, पण काय आणि कशासाठी?

दहावी-बारावीचे निकाल लागले की एक मथळा हमखास छापला जातो: ‘यंदाही मुलींचीच बाजी’. आणि मग चर्चांमध्ये ठरलेला प्रश्न येतो, मुली एवढ्या हुशार, एवढ्या शिकलेल्या, तर नोकरीधंद्यात त्या दिसत का नाहीत? उत्तर देणाऱ्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, शिक्षणात आता भेदभाव उरलेला नाही, पुढचं ज्याचं त्याने पाहावं. बायकांनाच घर सांभाळायचं असेल तर सरकार काय करणार? दुसरा म्हणतो, दोष सासरचा, नवऱ्याचा, समाजाच्या मानसिकतेचा. भांडण कितीही तापलं, तरी एका गोष्टीवर दोन्ही तटांचं एकमत असतं: शाळा निर्दोष आहे. शाळेने आपलं काम चोख केलं आणि जे बिघडलं ते शाळेबाहेर. मला हे गृहीतच चुकीचं वाटतं. आज कामाच्या जगात स्त्री-पुरुषांमध्ये जी दरी दिसते, तिचा मोठा हिस्सा आपल्या शिक्षणधोरणांनी घडवलेला आहे. मुलींना शाळेबाहेर ठेवलं, हा त्या इतिहासाचा निम्माच भाग. शाळेत घेतल्यावर त्यांना काय शिकवायचं, कुठवर शिकवायचं आणि कोणत्या कामासाठी शिकवायचं, हे ज्यांनी ठरवलं त्यांच्या निर्णयांचं व्याज आपण अजून फेडतो आहोत.

आधी परिस्थिती पाहू. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार 2021-22 मध्ये कॉलेजच्या वयातल्या मुलींचं उच्च शिक्षणातलं नोंदणीचं प्रमाण 28.5 टक्के होतं, मुलांचं 28.3. म्हणजे मुली किंचित पुढेच. विज्ञान शाखेत तर मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त. आता केंद्र सरकारचं श्रमबल सर्वेक्षण उघडा. 2023-24 मध्ये पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी 78.8 टक्के कामात किंवा कामाच्या शोधात होते; स्त्रियांपैकी 41.7 टक्के. शहरांत, म्हणजे जिथे कॉलेजं जास्त, तिथे स्त्रियांचं प्रमाण 28 टक्के. 2017-18 मध्ये देशभरातला आकडा 23.3 होता, तेव्हा वाढ झाली हे खरं. पण ती मुख्यतः ग्रामीण भागात आणि स्वयंरोजगारात झाली. घरच्या शेतीत किंवा दुकानात बिनपगारी राबणाऱ्या बायकाही याच मोजणीत येतात. पदवी आणि पगार यांच्यातला दुवा कुठेतरी तुटलेला आहे. तो कुठे तुटला हे शोधायला एकोणिसाव्या शतकात जावं लागतं.

ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या 1882 च्या हंटर आयोगापुढे जोतिराव फुल्यांनी निवेदन दिलं, पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली. रमाबाईंचं मागणं स्पष्ट होतं: प्रशिक्षित शिक्षिका हव्यात, स्त्री-डॉक्टर हव्यात. आयोगाने मुलींच्या शिक्षणाला सरकारी मदत वाढवण्याची शिफारस केली, आणि त्याचबरोबर असंही सुचवलं की मुलींच्या प्राथमिक शाळांचा अभ्यासक्रम मुलांपेक्षा सोपा असावा आणि तो घरगुती जीवनाच्या गरजा व स्त्रियांना खुले असलेले व्यवसाय पाहून आखावा. वरवर पाहता हे शहाणपणाचं वाटतं. पण ‘खुले असलेले व्यवसाय’ म्हणजे किती? शिक्षिका, सुईण, परिचारिका, फार तर डॉक्टर. बाकीची कामं बंद होती, म्हणून त्यांचं शिक्षण दिलं नाही. शिक्षण नव्हतं, म्हणून ती कामं बंदच राहिली. कॉर्नेलिया सोराबजींचं उदाहरण घ्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्या पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या. त्या गुणांवर इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. स्त्री असल्यामुळे ती नाकारली गेली. इतरांच्या मदतीने त्या ऑक्सफर्डला जाऊन कायदा शिकल्या, तरी हिंदुस्थानात स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा व्हायला 1923 साल उजाडलं. गुणवत्ता होती, पदवी होती. अडवलं होतं ते धोरणाने.

याच काळात पुण्यात जो वाद झाला तो आजच्या प्रत्येक चर्चकाने पुन्हा वाचायला हवा. 1884 मध्ये न्यायमूर्ती रानडे, भांडारकर, वामनराव मोडक यांच्या पुढाकाराने मुलींचं हायस्कूल निघालं, ते आपलं हुजूरपागा. तिथला अभ्यासक्रम बराचसा मुलांसारखा, इंग्रजीसह, आणि वेळ अकरा ते पाच. 1887 मध्ये टिळकांच्या ‘मराठा’ या इंग्रजी साप्ताहिकाने त्यावर टीकेची झोड उठवली. मुलींना एवढं इंग्रजी कशाला, दिवसभर शाळेत बसवल्यावर घरकाम कधी शिकणार, असा तो सूर होता. मुलींनी शिकूच नये असं तिथे कोणी म्हणत नव्हतं, हे लक्षात घ्या. भांडण वेळापत्रकाचं आणि विषयांचं होतं, कारण वेळापत्रक आणि विषय ठरले की आयुष्य ठरतं हे दोन्ही बाजूंना नीट कळत होतं. आगरकरांनी याच्या नेमकी उलट बाजू ‘सुधारका’त मांडली: मुलामुलींना एकच शिक्षण द्यावं आणि तेही एकत्र द्यावं. तेव्हा ‘तो काळच तसा होता’ हा बचाव मी मान्य करू शकत नाही. त्याच काळात, त्याच शहरात, दुसरा विचार छापून येत होता. आपण त्यातला एक निवडला.

इथे समोरच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा येतो आणि तो टाळून चालणार नाही. तडजोड केली नसती तर मुली शाळेत आल्याच नसत्या. धोंडो केशव कर्व्यांनी 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, 1907 मध्ये महिला विद्यालय, आणि जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती वाचून 1916 मध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ. मातृभाषेतून शिक्षण, गृहजीवनशास्त्र आणि आरोग्यशास्त्राला महत्त्वाचं स्थान, गणिताची सक्ती नाही. ज्या विधवांना घरात कोपरा आणि ताटात उष्टं याशिवाय काही मिळत नव्हतं, त्यांना या माणसाने स्वतःच्या पायांवर उभं केलं. त्या काळच्या आईबापांनी मुलीला मुलांच्या कॉलेजात, इंग्रजीतून, घराण्याच्या नावाला धक्का लावून पाठवलं नसतं, हे उघड आहे. मातृभाषेच्या बाबतीत तर कर्वे काळाच्या पुढे होते. कर्व्यांचं ऋण न मानणारा माणूस मराठी समाजाचा इतिहास जाणत नाही, असं मी म्हणेन.

पण ऋण मानणं वेगळं आणि परिणामाकडे डोळेझाक करणं वेगळं. त्या विद्यापीठाची पदवी बी.ए. नव्हती, ‘गृहीतागमा’ होती, आणि 1951 मध्ये कायद्याने दर्जा मिळेपर्यंत सरकारदरबारी तिला इतर विद्यापीठांच्या पदवीची बरोबरी नव्हती. पस्तीस वर्षं! या काळात तिथून शिकलेल्या स्त्रियांपुढे मुख्य वाट होती ती मुलींच्या शाळेत शिकवण्याची. त्यांनी ते काम निष्ठेने केलं आणि पुढच्या मुलींना तेच शिकवलं, जे त्या स्वतः शिकल्या होत्या. ज्या जपानकडून आपण हा नमुना उचलला तिथे काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. ‘चांगली पत्नी, सुज्ञ माता’ हे तिथल्या मुलींच्या शिक्षणाचं अधिकृत ध्येय होतं. युद्धानंतर राज्यघटना बदलली, तरी 1973 पासून उच्च माध्यमिक शाळांत गृहशास्त्र पुन्हा फक्त मुलींना सक्तीचं झालं. ते मुलामुलींना सारखं झालं 1994 मध्ये. आज एवढ्या श्रीमंत, एवढ्या सुशिक्षित देशात व्यवस्थापकपदांवर स्त्रिया फार कमी आहेत, आणि 2018 मध्ये टोकियोतल्या एका वैद्यकीय विद्यापीठाने मुलींचे प्रवेशपरीक्षेतले गुण वर्षानुवर्षं मुद्दाम कमी केल्याचं उघडकीला आलं. कारण काय दिलं गेलं? बायका लग्नानंतर काम सोडतात. त्यांना तसं घडवणारी शाळाच होती, हे मात्र कोणी बोललं नाही.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे निदान कागदावर विचार बदलला. दुर्गाबाई देशमुखांच्या समितीने मुलींच्या शिक्षणाच्या मागासलेपणाकडे लक्ष वेधलं. हंसाबेन मेहता समितीने लिंगावरून अभ्यासक्रम वेगळा करण्याला विरोध केला. कोठारी आयोगाने तो विचार उचलून धरला आणि पहिल्या दहा वर्षांत गणित-विज्ञान सर्वांना असावं असं सांगितलं. महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधाची पहिली दहावी 1975 मध्ये झाली. त्याआधीच्या अकरावी एसएससीत गणित सोडून गृहशास्त्रासारखे विषय घेण्याची सोय होती, आणि ती कोणासाठी होती हे सांगायला नको. आता जरा हिशेब करा. आज पंचेचाळीशीत असलेल्या बाईची आई साधारण 1955 च्या आसपास जन्मलेली, म्हणजे जुन्या अकरावीची. तिने गणित सोडलं असेल तर तिच्यासाठी अभियांत्रिकी, वैद्यक, बँकेतल्या वरच्या जागा, सगळं वयाच्या पंधराव्या वर्षी संपलं. तिच्या मुलीला घरात गणित शिकवणारं माणूस होतं ते वडील. ‘गणित मुलींचा विषय नाही’ हे कोणी तोंडाने म्हणण्याची गरजच उरली नाही. शिक्षणातला एक निर्णय दोन पिढ्या जिवंत राहतो तो असा.

आता दुसरा आक्षेप. केरळकडे बोट दाखवलं जातं: साक्षरतेत सर्वांच्या पुढे, मुलींच्या शिक्षणाची परंपरा जुनी, तरी तिथे सुशिक्षित स्त्रियांची बेकारी मोठी. म्हणजे शिक्षणाने प्रश्न सुटत नाही, अडसर घरात आहे. यात तथ्य आहे. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात घालवतात आणि पुरुष 97 मिनिटं, असं दिसलं. जवळपास पाच तास घरात गेल्यावर नोकरी कधी करायची? पण मला विचारायचं आहे, घर आणि शाळा यांच्यामध्ये एवढी भिंत कुठे आहे? आई स्वयंपाकघरात आणि बाबा वर्तमानपत्र घेऊन खुर्चीत, हे चित्र आपण सगळे पाठ्यपुस्तकात पाहत मोठे झालो. बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात आई-वडील दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले ते 2019 मध्ये, आणि त्याची बातमी झाली. बातमी व्हावी इतकं ते दुर्मीळ होतं. शाळा मनं घडवू शकत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी हरियाणातल्या सरकारी शाळांमधला प्रयोग पाहावा. सातवी ते दहावीच्या वर्गांत स्त्री-पुरुष समानतेवर नियमित चर्चा घेतल्यानंतर मुलामुलींची मतं मोजण्याइतकी बदलली आणि मुलगे घरकामात जास्त हात लावतो असं सांगू लागले. ज्या मानसिकतेला आपण धोरणापलीकडची मानतो, ती शाळेच्या तासिकांमधून हलते.

शाळेच्या वेळेचंही तसंच. पश्चिम जर्मनीत दशकानुदशकं शाळा दुपारीच सुटायची, कारण आई घरी असणार हे धोरणानेच धरून चाललेलं होतं. परिणाम असा की तिथल्या आया अर्धवेळ नोकरीत अडकल्या. पूर्व जर्मनीत पाळणाघरं आणि पूर्ण दिवसाची सोय होती, तिथे बहुसंख्य आया पूर्णवेळ काम करत. एकीकरणाला तीस वर्षं उलटली तरी हा फरक पूर्ण पुसला गेलेला नाही. आपल्याकडे 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवण्याचा निर्णय झाला. मुलांच्या झोपेवर भरपूर चर्चा झाली, ती योग्यच होती. पण आठच्या लोकलने कामाला जाणाऱ्या आईचं काय, हा प्रश्न त्या चर्चेत कितीजणांनी विचारला?

महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासाकडे येतो, कारण खरी गोम इथे आहे. 1983 मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. जागा भरमसाट वाढल्या. मध्यमवर्गातल्या हजारो मुली याच कॉलेजांतून शिकून पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत पोचल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण जागांबरोबर फीही वाढली, आणि ज्या घरात एकाच मुलाची फी भरण्याची ऐपत होती त्या घराने ती कोणाची भरली? भावाला इंजिनिअरिंग आणि बहिणीला गावाजवळच्या ज्युनिअर कॉलेजात कला शाखा, मग बी.ए., हे इतक्या घरांत घडलं की ते आपल्याला धोरणाचं फळ वाटतच नाही, घरगुती बाब वाटते. विज्ञान शाखा तालुक्याच्या गावी, एसटी संध्याकाळी उशिरा, वसतिगृह नाही. अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा मोफत एसटी पास, मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस, यांनी हे अंतर काही प्रमाणात कापलं. बिहारमध्ये मुलींना सायकली दिल्यावर हायस्कूलमधल्या मुलींची संख्या लक्षणीय वाढली, हे अभ्यासांनी दाखवलं आहे. ज्या गोष्टीला आपण ‘मुलींची आवड’ म्हणतो, ती अनेकदा गावापासून विज्ञान शाखेपर्यंतच्या किलोमीटरांत मोजता येते.

आणि डी.एड.? ‘मुलगी आहे, डी.एड. करून टाका, जवळच्या शाळेत लागेल, लग्नालाही बरं’ हा सल्ला ज्या पिढीने ऐकला ती आज चाळिशीत आहे. गावोगाव अध्यापक विद्यालयं निघाली, परवानग्या वाटल्या गेल्या. हंटर आयोगाने ‘खुले असलेले व्यवसाय’ म्हणून जे ठरवलं होतं, त्याच यादीतलं पहिलं नाव आपण सव्वाशे वर्षांनी पुन्हा मुलींच्या हाती दिलं. मग 2000 मध्ये शिक्षणसेवक योजना आली, नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षं महिना 3,000 रुपये मानधनावर शिकवायचं. 2011 मध्ये शाळांचे पट, म्हणजे विद्यार्थीसंख्या, तपासणारी पटपडताळणी झाली आणि त्यानंतर शिक्षकभरती बराच काळ थांबली. एकाच कामासाठी घडवलेल्या मुलींपुढे ते कामच उरलं नाही. भावाची पदवी दहा ठिकाणी चालते, बहिणीची पदविका एकाच दाराशी घेऊन जाते आणि ते दार बंद असतं. त्यातल्या कितीतरी जणी आज खासगी शाळांत मोलमजुरीपेक्षा कमी पगारावर शिकवतात, शिकवण्या घेतात किंवा घरी बसल्या आहेत. घरी बसलेल्यांची नोंद सर्वेक्षणात ‘श्रमबलाबाहेर’ अशी होते आणि चर्चेत त्यांना ‘घर सांभाळणं पसंत’ असतं.

सरकार स्वतः मालक असतं तेव्हा ते काय करतं? 1975 पासून अंगणवाडी सेविका तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर ही वर्षं शालेय शिक्षणाचा पाया म्हणून मान्य केली. तरी ही बाई कर्मचारी नाही. तिला पगार नाही, मानधन आहे. ग्रॅच्युइटीचा हक्क मिळवायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, तेव्हा कुठे 2022 मध्ये निकाल लागला. हेच काम पुरुषांचं असतं तर पन्नास वर्षं मानधनावर चाललं असतं का?

2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या घरांतील मुलींना राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ झालं. मी या निर्णयाचं मनापासून स्वागत करतो. ‘मुलांनी काय पाप केलं’ म्हणणाऱ्यांना मी वरचा सगळा इतिहास दाखवेन. गुणवत्तेचा बाऊ करणाऱ्यांना आयआयटीचं उदाहरण देईन: 2018 पासून मुलींसाठी जादा जागा निर्माण केल्या, तेव्हा दोन-तीन वर्षांत मुलींचं प्रमाण आठ-नऊ टक्क्यांवरून वीसवर गेलं. मुलांची एकही जागा कमी झाली नाही आणि आयआयटी कोसळल्याही नाहीत. पण फीमाफी बारावीनंतर लागू होते. ज्या मुलीच्या गावाजवळ फक्त कला शाखा आहे, तिच्यासाठी अभियांत्रिकीची फी शून्य झाली काय आणि लाख राहिली काय? आयटीआयमध्ये मुलींना जागा राखीव आहेत, पण तिथेही त्यांची गर्दी शिवणकाम, ब्यूटी पार्लर आणि कॉम्प्युटर ऑपरेटरच्या वर्गांत. चाकणच्या कारखान्यांना हवे असलेले फिटर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन घडतात त्या वर्गांत मुली शोधाव्या लागतात. तिथे नुसतं आरक्षण पुरत नाही. वर्कशॉपच्या आवारात मुलींचं स्वच्छतागृह, तालुक्याला वसतिगृह आणि शिकवायला बायका निदेशक लागतात.

आणि हे सगळं लिहिण्याची घाई एवढ्यासाठी की पुढचा निर्णय आत्ता होतो आहे. नव्या धोरणाप्रमाणे सहावीपासून मुलांना व्यवसायाची ओळख करून द्यायची आहे: सुतारकाम, वीजकाम, बागकाम, कुंभारकाम, आणखी काही. कल्पना चांगली आहे. पण शाळेत एकच शिवणयंत्र आणि एकच सुतारकामाचा संच आला, तर यंत्रापुढे कोण बसणार आणि रंधा कोणाच्या हाती येणार? शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे, तिच्यातले पाऊणभाग सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असायला हव्यात. या वर्षीच्या बैठकीत त्यांनी मुख्याध्यापकांकडे एक साधी यादी मागावी: कोणत्या कामाला किती मुलगे, किती मुली, आणि ही वाटणी कोणी केली.